डोल, पगार, ओवाळणी

आमच्या तालुक्याच्या गावी बँकेच्या ओट्यावर महिन्यातून एकदा गर्दी होते. तिथे थोडा वेळ कान देऊन उभं राहिलं की सरकारकडून येणाऱ्या पैशांची वेगवेगळी नावं ऐकू येतात. सत्तरीपुढच्या आज्या विचारतात, "डोल आला का गं?" पन्नाशी-साठीतली माणसं म्हणतात, "निराधारचा पगार पडला का बघा जरा." आणि २०२४ पासून त्याच ओट्यावर तरुण बायकांचा वेगळा घोळका असतो. त्या आपल्या 'बहिणीचे पैसे' मोजत असतात. पुढाऱ्यांच्या भाषणात त्या पैशाला ओवाळणी म्हणतात.

डोल हा मूळचा इंग्रजी शब्द. गरिबाला वाटून दिलेली मदत असा त्याचा अर्थ. घेणाऱ्याने खाली बघून घ्यायची, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. पगार म्हटलं की मान वर होते, कारण पगार हक्काचा असतो. ओवाळणीत माया आहे, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. अशा पैशाकडे लोक कोणत्या नजरेने बघतात आणि ती नजर कशी बदलत गेली, हे या शब्दांवरूनच कळतं. या बदलाची सगळ्यात जास्त झळ लागते ती दिव्यांगांना. त्यांच्या अनुदानाचं गणित मी बरीच वर्षं जवळून बघते आहे. गल्लीतल्या लोकांचे अर्ज भरून द्यायची सवय लागल्यामुळे ते बघावंच लागतं. म्हणून हा विषय शक्य तेवढ्या साध्या शब्दांत मांडते.

काम करील त्याला, आणि करू न शकणाऱ्याला

महाराष्ट्राच्या मनात सरकारी मदतीचं चित्र पक्कं झालं ते १९७२ च्या दुष्काळात. खडी फोडायची, नालाबांध घालायचा आणि मजुरी घ्यायची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात आली. पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो याच योजनेसाठी. मुंबई-पुण्यातला कारकून बीडच्या मजुराच्या मजुरीला हातभार लावत होता आणि त्याबद्दल फारशी कुरकुर नव्हती. समोरचा माणूस उन्हात खडी फोडतो आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

पण खडी फोडूच न शकणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि दिव्यांग या सगळ्यांची एकच योजना, आणि तिचं नाव 'निराधार'. अर्ज करायचा म्हणजे मला कोणी नाही, हे आधी चारचौघांत कबूल करायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी धाकट्या जावेसाठी अर्ज करायला कित्येक महिने नकार दिला होता. "आम्ही मेलो का? ती निराधार कशी?" एवढंच त्यांचं म्हणणं. जाऊ दोन्ही डोळ्यांनी अधू होती.

रक्कमही या भावनेला साजेशी राहिली. अनेक वर्षं महिना ६०० रुपये, मग १०००, आणि २०२३ मध्ये १५००. केंद्र सरकारची दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसासाठी तिच्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. २०१२ पासून तो तेवढाच आहे. २०१२ मध्ये ३०० रुपयांत तेलाचे किती पुडे यायचे आणि आज किती येतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

हा पैसा नेमका कशाचा

या विषयातला खरा गोंधळ इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

दिव्यांग माणसाला दोन वेगळ्या कारणांसाठी पैसा लागतो. एक, त्याला काम मिळत नाही किंवा जमत नाही म्हणून, म्हणजे बुडालेल्या कमाईसाठी. दुसरं, काम असो वा नसो, त्याला तेच आयुष्य जगायला इतरांपेक्षा जास्त खर्च येतो म्हणून. पहिलं कारण लोकांना लगेच पटतं. दुसरं कोणाच्या ध्यानातच येत नाही.

आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही काखांत कुबड्या. एसटीत त्यांना ७५ टक्के सवलत आहे. लोक म्हणतात, चांगलं आहे की. पण एसटीची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर येते. कंडक्टर आणि एखादा पोरगा दोघांनी उचललं तरच ते गाडीत चढतात, आणि पन्नाशीनंतर असं उचलून घेणं त्यांना नकोसं होतं. मग रिक्षा. तीही स्पेशल, कारण शेअर रिक्षात तिघांत चौथं बसताना कुबड्या कुठे ठेवायच्या? कुबडीच्या टोकाला रबरी टोपण असतं. ते झिजलं की शहाबादी फरशीवर सटकायला होतं. पावसाळ्यात तर ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलावं लागतं. काखेत गळू होऊ नये म्हणून कुबडीवर बांधायची गादी, घरात संडासाला कमोड, आणि आजारपणात दवाखान्यात सोबत येणाऱ्या काकूंचा बुडणारा पापड लाटण्याचा रोज. यातला एकही खर्च मला नाही, आणि त्यांच्याकडे उत्पन्न माझ्याहून कमी.

आता योजनेची अट बघा. संजय गांधी योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. दिव्यांगांसाठी ती मर्यादा ५०,००० आहे. म्हणजे सगळ्या घराची मिळून महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. त्याच्या वर एक रुपया गेला की अनुदान बंद.

काकांना मध्यंतरी एका दुकानात गल्ल्यावर बसायचं काम चालून आलं होतं, महिना ६,००० रुपये. त्यांनी नाही म्हटलं. गल्लीत लगेच बोललं गेलं, "फुकटचे मिळतात ना, कशाला काम करतील?" मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला होता. ते काम धरलं तर अनुदानाचे १५०० जाणार. रोज जाता-येता रिक्षाचे ८० धरले तर २६ दिवसांचे २,०८० जाणार. हातात उरले २,४२०. घरबसल्या घड्याळांतून त्यांना त्याहून थोडे जास्तच मिळतात. शिवाय दुकानदाराने दोन महिन्यांनी काढून टाकलं, तर अनुदान पुन्हा चालू करून घ्यायला सहा महिने तहसीलच्या चकरा. त्यांनी नकार दिला तो आळसापोटी नाही. अट अशी घातली आहे की काम करणं तोट्याचं ठरावं. आणि नंतर तोच नकार त्यांच्या आळसाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त संताप याचा येतो.

१५०० म्हणजे किती

जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रीला महिना १५०० रुपये. लाभ घेणाऱ्या बायकांची संख्या दोन कोटींच्या वर गेली.

यातून एक चांगली गोष्ट झाली, ती मोकळेपणाने सांगायला हवी. सरकारकडून खात्यात पैसे येतात, हे सांगायची लाज गेली. मास्तरांच्या घरची सून आणि शेतमजूर बाई एकाच रांगेत उभ्या राहिल्या. गोव्यात गृहिणींसाठी गृह आधार योजना २०१२ पासून चालू आहे, तिथे हा बदल आधीच झाला होता. जो पैसा बहुतेक घरांत येतो, त्याला भीक म्हणणं कठीण जातं.

पण त्याच वेळी दिव्यांगांच्या लक्षात एक बोचरी गोष्ट आली. त्यांचेही १५००, आणि धडधाकट शेजारणीचेही १५००. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, यांची ५० हजार. वर, ज्या बाईला निराधारचे १५०० मिळतात तिला लाडकी बहीणचा लाभ नाही. २०२५ च्या सुरुवातीला अपात्र ठरलेल्या पाच लाख बायकांपैकी सुमारे २ लाख ३० हजार या संजय गांधी योजनेतल्या होत्या. एक पैसा दोनदा नको, हा नियम कागदावर बरोबर वाटतो. पण त्याचा अर्थ असा निघाला की दोन्ही पायांनी अधू असलेल्या बाईला आणि तिच्या शेजारणीला सरकारकडून सारखीच रक्कम. अधूपणामुळे होणाऱ्या खर्चाचा हिशेब शून्य.

याबाबत कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २४ सांगतं की सरकारने आपल्या आर्थिक कुवतीत दिव्यांगांसाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना कराव्यात, आणि त्यांतली मदत इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. हे कलम म्हणजे वर सांगितलेल्या जादा खर्चाची कायद्याने दिलेली कबुली आहे. १५०० चे २५ टक्के म्हणजे ३७५ रुपये. तेवढेही कित्येक वर्षं मिळाले नाहीत, आणि बहुतेकांना हे कलम माहीतही नव्हतं.

चाळणी आणि सूप

आता नजरेची दुसरी बाजू. पैसा जास्त घरांत गेला, तसा संशयही वाढला.

जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी फुकट वाटपासाठी 'रेवडी' हा शब्द भाषणात वापरला आणि तो घराघरांत पोचला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं. दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं हा त्यातला मोठा मुद्दा होता, आणि यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याबाबतची सुनावणी चालू असताना, मोफत योजनांमुळे आपण परजीवी वर्ग तर तयार करत नाही ना, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने केला. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेतल्या सुमारे २६ लाख खात्यांचा लाभ थांबवला गेला, आणि १४ हजारांहून जास्त पुरुषांनी हे पैसे घेतल्याचं बाहेर आलं. पुढे राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांची दिव्यांग प्रमाणपत्रं तपासायला घेतली.

खोटं प्रमाणपत्र घेणारा माणूस माझ्या लेखी चोर आहे. तो खऱ्या दिव्यांगाची जागा घेतो. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती वापरायलाच हवी.

पण पाखडताना दोन प्रकारच्या चुका होतात. एक, सुपात खडा राहून जातो. दुसरी, जोरात पाखडलं की दाणाही उडून जातो. खडा दातांखाली आला की सगळ्यांना कळतं, त्याची बातमी होते. उडालेला दाणा कोण मोजतो? लोकमत पहिल्या चुकीवर चिडतं आणि सरकार सूप आणखी जोरात हलवतं.

हा उडालेला दाणा मी डोळ्यांनी पाहिला आहे. अनुदान चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. एका वर्षी काकांना घेऊन मी सेवा केंद्रात गेले. घड्याळाचे भाग पेट्रोलमध्ये धुऊन धुऊन त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल. ओला करून ठेवला, डोक्याला घासून ठेवला, तर्जनी ठेवली. सात-आठ वेळा लाल दिवा लागल्यावर पोरगा म्हणाला, "काका, आधार अपडेट करून या." आधार केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका पायऱ्या बसून बसून चढले. एका हातात दोन्ही कुबड्या, दुसरा हात पायरीवर. मी मागून त्यांची पिशवी घेऊन चालले होते. नोंद दुरुस्त होईपर्यंत तीन महिन्यांचे पैसे अडकले. बाहेर कोणाला यातलं काहीच दिसत नाही. यादीत नाव कमी झालं एवढंच दिसतं, आणि कमी झालेलं नाव म्हणजे पकडलेला लबाड, असं लोक धरून चालतात.

४० टक्के

प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांबद्दल फार गैरसमज आहेत. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर तपासतात आणि ठरलेल्या तक्त्यांप्रमाणे टक्के काढतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. ३९ आला तर जवळजवळ काहीच नाही. हा आकडा शरीराच्या एखाद्या क्षमतेत किती कमतरता आहे ते सांगतो. त्या माणसाला रोज किती खर्च येतो, त्याच्या गावात रस्ता कसा आहे, त्याला कोण काम देईल, यातलं काही तो सांगत नाही. तो किती काम करू शकतो, हेही सांगत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: ४० टक्क्यांपेक्षा जास्त वाचादोष आहे एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते तपासा.

शिवाय १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स, स्वमग्नता, तीव्र ॲसिड हल्ल्याने झालेली हानी, असं बरंच काही त्यात आलं. यातलं पुष्कळ बाहेरून दिसत नाही. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल असलेली कितीतरी मुलं आहेत. एरवी चालतात, बोलतात, हसतात. वेदनेचा झटका आला की आठ-आठ दिवस अंथरुणात. अशा मुलाच्या हातात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दिसलं की लोक म्हणतात, "हा तर ठणठणीत दिसतो." कायद्याने दिव्यांगत्वाचा अर्थ रुंद केला, पण लोकांच्या डोळ्यांपुढे अजून कुबडी आणि काळा चष्माच आहे. नव्या संशयाचा बराच भाग या फटीतून येतो.

जिथून डोल हा शब्द आला

ब्रिटनमध्ये हा वाद चारशे वर्षं चालू आहे. १६०१ च्या गरीब कायद्यापासून तिथे काम करू न शकणारे आणि काम न करणारे अशी विभागणी होती. १८३४ मध्ये तर मदत मुद्दाम इतकी खडतर करायची असं ठरलं की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी तिच्याकडे फिरकू नये.

तिथे १९८३ पासून लोकांच्या मतांची जवळजवळ दरवर्षी मोजणी होते, म्हणून नजरेतला बदल आकड्यांत दिसतो. गरिबांच्या मदतीवर सरकारने जास्त खर्च करावा, कर वाढला तरी चालेल, असं म्हणणारे १९९० च्या आसपास निम्म्याहून अधिक होते. २०१० च्या सुमारास ते एक तृतीयांशाच्याही खाली आले. तेही २००८ च्या मंदीनंतर, जेव्हा गरज वाढलेली होती. पुढे सरकारने खर्चाला कात्री लावली, लोकांनी तिचे परिणाम पाहिले, आणि पाठिंबा पुन्हा चढला. म्हणजे दया आटली की आटलीच, असं नसतं.

तिथली एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. दिव्यांगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठी तिथे वेगळा भत्ता आहे. तो उत्पन्न बघून दिला जात नाही. नोकरी असली तरी मिळतो. आमच्या काकांना गल्ल्यावरची नोकरी धरता आली असती, ती अशा व्यवस्थेत. पण तिथली तपासणीही कडक आणि अपमानाची असते अशी तक्रार आहे, आणि नकाराविरुद्ध न्यायाधिकरणापर्यंत गेलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त अर्जदारांच्या बाजूने लागतात. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने हा भत्ता मिळवण्याचे निकष कडक करायचं ठरवलं, तेव्हा स्वतःचेच खासदार उलटले आणि तो भाग मागे घ्यावा लागला.

परवडतं का

हा प्रश्न रास्त आहे. राज्यावर कर्ज आहे, आणि पैसा कुठून आणायचा हे विचारणाऱ्याला निर्दय म्हणणं बरोबर नाही.

जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं. कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना ६,००० रुपये ही त्यांची मागणी होती. आंध्र प्रदेशात २०२४ पासून तेवढे मिळतात. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी आणि (निराधार म्हाताऱ्यांसाठीच्या) श्रावणबाळ योजनांतल्या दिव्यांगांचं अनुदान १५०० वरून २५०० केलं. लाभार्थी सुमारे पावणेपाच लाख, वाढीव खर्च वर्षाला ५७० कोटी. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटी ठेवले होते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. अनुदान मिळतं पावणेपाच लाखांना. सगळ्यांनाच गरज आहे असं मी म्हणत नाही. पण ५० हजारांच्या अटीमुळे गरज असलेले किती बाहेर राहतात, याचा अंदाज यावरून बांधता येईल. कोणी पुढारी कुठे सभेत भेटला तर ही अट कधी बदलणार, हे नक्की विचारा. वाढलेली रक्कम बातमीत येते, अट येत नाही.

वाढीव पैसे पहिल्यांदा जमा झाले त्या दिवशी मी काकांबरोबर बँकेत होते. पासबुक छापून आलं, त्यांनी चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला. ओट्यावरच्या एका आजीने विचारलं, "डोल वाढला म्हणे?" काका म्हणाले, "पगार वाढला, आज्जी." मग आम्ही कोपऱ्यावरच्या सर्जिकलच्या दुकानात गेलो आणि त्यांनी चार रबरी टोपणं घेतली, दोन लगेच बसवायला आणि दोन पावसाळ्यासाठी.